बाटलीसोबतचा चिनी कागद

'मावशी, माझं वय 32. दोन वर्षांपूर्वी आमवात निघाला, डॉक्टर त्याला आरए म्हणतात. दर रविवारी रात्री मेथोट्रेक्झेटच्या सहा गोळ्या घ्यायचे. सोमवार अख्खा मळमळीत जायचा, केसही गळायचे. धाकटे दीर कंपनीच्या कामाने शांघायला असतात. गणपतीला आले तेव्हा तिथल्या एका वेलीपासून केलेल्या गोळ्यांच्या दोन बाटल्या आणि मुळांच्या तुकड्यांची एक पिशवी घेऊन आले. म्हणाले, चीनमध्ये सांधेदुखीला हेच देतात, झाडपाल्याचं आहे, साइड इफेक्ट नाही. तीन आठवडे झाले, तीन वेळा दोन-दोन गोळ्या घेतेय. खरं सांगते, सकाळी बोटं वळायला लागली आहेत. मेथोट्रेक्झेट बंद केलं. डॉक्टरांना सांगितलं नाही, रागावतील. ह्यांची कंबर धरते म्हणून तेही तेव्हापासून रोज दोन घेतात. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मुळांचा काढा करावा म्हणते. यंदा आम्ही बाळाचा विचार करतोय. पाळी आठवडाभर पुढे गेली आहे, ती गोळ्यांमुळे असेल का? बाटलीचा आणि मुळांचा फोटो सोबत पाठवते. नाव छापू नका. — सांगलीहून एक वाचक'

मावशी म्हणालीस, म्हणून मीही अगं-तुगं करते. तुझं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी तुला चार ओळींचं उत्तर पाठवलं होतं, कारण छापून येईपर्यंत थांबण्यासारखं हे प्रकरण नव्हतं. त्या चार ओळी इथे पुन्हा लिहिते. तुझ्यासारख्या आणखी कुणाच्या कपाटात अशी बाटली असू शकते.

गोळ्या आजपासून बंद. तुझ्याही आणि ह्यांच्याही. सासूबाईंना काढा द्यायचा नाही, एक घोटसुद्धा नाही. उद्या सकाळच्या पहिल्या लघवीवर गरोदरपणाची चाचणी करायची, मग ती होकारार्थी येवो की नकारार्थी, त्याच दिवशी तुझ्या संधिवाताच्या डॉक्टरांना गाठायचं. आणि गोळ्या थांबवल्या म्हणून आपल्या मनाने मेथोट्रेक्झेट पुन्हा चालू करायचं नाही. मेथोट्रेक्झेटसोबत दिलेलं फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व मात्र चालू ठेवायचं.

आता सविस्तर.

तुझ्या बाटलीवरची अक्षरं मी फोटोवरून एका जाणकाराकडून वाचून घेतली. वेलीचं नाव लेइ गोंग थंग. लेइ गोंग म्हणजे मेघगर्जनेचा देव, थंग म्हणजे वेल. शास्त्रीय नाव ट्रिप्टेरिजियम विल्फोर्डी. फूज्यान, च-ज्यांग, हुनान अशा दक्षिणेकडच्या डोंगराळ प्रांतांत आणि तैवानात ती आपोआप उगवते. तिथल्या शेतकऱ्यांना ती औषध म्हणून कळायच्या आधी कीटकनाशक म्हणून ठाऊक होती. मुळांची पूड करून भाजीपाल्यावरच्या अळ्यांवर टाकायची, हा जुना प्रघात. अमेरिकेच्या शेती खात्यानेही ही झाडं नेऊन तिकडे लावून पाहिली होती ती त्यासाठीच, आणि त्यांच्या रसायनतज्ज्ञांनी 1950 च्या सुमारास मुळांतून विल्फोरिनसारखी अळ्या मारणारी, अल्कलॉइड जातीची रसायनं वेगळी काढली. गावठी चिनी बोलीत तिला आणखी एक नाव आहे, त्याचा अर्थ 'आतडीतोड गवत'. हे नाव तिथे दुसऱ्याही एक-दोन जहरी झाडांना आहे, पण ज्या लोकांच्या परसात ही वेल आहे त्यांनी 'साइड इफेक्ट नाही' असं कधीच म्हटलेलं नाही. ते वाक्य वाटेत कुठेतरी विमानात चढलं.

तू मात्र एक गोष्ट खरी लिहिलीस, आणि ती मी नाकारणार नाही. बोटं वळायला लागली, हा मनाचा खेळ नाही. ही वेल काम करते.

आमच्या वेळच्या फार्माकग्नॉसीच्या, म्हणजे औषधी वनस्पतींच्या शास्त्राच्या, पुस्तकात ती नव्हती, पण मी शिकवायला लागल्यावर तिच्यावरचे लेख येऊ लागले आणि मी ते जमवत गेले. चीनमध्ये साठच्या दशकाच्या शेवटी ती आमवाताच्या रुग्णांना देऊ लागले. त्याच सुमाराला कुष्ठरोगातल्या भडकलेल्या प्रतिक्रिया शमवायलाही तिचा वापर झाला. पुढे मुळाचा अर्क शुद्ध करून गोळ्या निघाल्या, त्याच तुझ्याकडे आहेत. त्यांना तिकडे 'बहुग्लायकोसाइड' गोळ्या म्हणतात. शिक्षिकेची खोड म्हणून सांगते, हे नाव चुकीचं पडलंय. त्यात गुण करणारे पदार्थ मुख्यतः ग्लायकोसाइड या गटातले नसून डायटर्पीन, ट्रायटर्पीन आणि अल्कलॉइड या दुसऱ्याच रसायनगटांतले आहेत. असो.

अमेरिकेत 2009 मध्ये एक नीट आखलेली चाचणी प्रसिद्ध झाली. 121 रुग्ण, निम्म्यांना या मुळाचा अर्क, निम्म्यांना सल्फासलाझिन हे आमवाताचं नेहमीचं औषध, 24 आठवडे. जे शेवटपर्यंत टिकले त्यांच्यापैकी वेलीच्या गटात 65 टक्के लोकांना ठरवलेल्या मापाने आराम पडला, सल्फासलाझिनच्या गटात 33 टक्क्यांना. पण दोन्ही गटांतून बरेच लोक मधेच गळले होते, हे त्या आकड्यांसोबत वाचायचं. मग 2014 मध्ये चीनमधली 207 रुग्णांची चाचणी आली, तीत वेलीच्या गोळ्या थेट तुझ्या मेथोट्रेक्झेटसमोर उभ्या केल्या होत्या. निम्म्याहून जास्त सुधारणा झालेले रुग्ण मेथोट्रेक्झेटवर 46 टक्के, वेलीवर 55 टक्के आणि दोन्ही एकत्र दिलेल्यांत 77 टक्के.

हे आकडे मी तुझ्यापासून लपवले असते तर उद्या दीरांनी मोबाइलवर काढून दाखवले असते, आणि माझं बाकीचं कुणी ऐकलं नसतं. म्हणून आधी हे. आता ती काम *कशी* करते ते ऐक, कारण तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिथेच आहेत.

मुळात शेकडो पदार्थ आहेत, त्यातले दोन लक्षात ठेव. एक सेलास्ट्रॉल. तो नारिंगी-लाल रंगाचा आहे आणि 1936 मध्ये चिनी रसायनशास्त्रज्ञांनी याच मुळातून तो रंगद्रव्य म्हणून काढला होता. दुसरा ट्रिप्टोलाइड. हा 1972 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात मॉरिस कुपचन यांनी वेगळा केला. कुपचन रक्ताच्या कर्करोगावर चालेल असं काही झाडांत सापडतं का ते शोधत होते, सांधेदुखी त्यांच्या डोक्यातही नव्हती. हे वाक्य पुन्हा वाच. मेथोट्रेक्झेट 'कॅन्सरचं औषध' म्हणून पुष्कळ जणींना नकोसं वाटतं ना? ज्या वेलीकडे तू वळलीस, तिचा मुख्य घटक कॅन्सरच्या औषधाच्या शोधातच सापडला आहे. त्याचं पाण्यात विरघळणारं रूप मिनेसोटा विद्यापीठात तयार केलं आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या.

ट्रिप्टोलाइड पेशीत शिरून करतो काय? समज, डीएनए म्हणजे तलाठ्याच्या कपाटातलं मूळ दप्तर. पेशीला एखादं प्रथिन हवं असेल तर मूळ दप्तर कुणी बाहेर नेत नाही, त्याचा उतारा काढतात. तो उतारा म्हणजे आरएनए. उतारा काढणारं जे यंत्र आहे त्याच्या एका सुट्या भागाला, एक्सपीबी नावाच्या प्रथिनाला, ट्रिप्टोलाइड कायमचा चिकटतो. हे 2011 मध्ये नेमकं कळलं. तो एकदा चिकटला की सुटत नाही, यंत्र ठप्प, उतारे बंद. तुझ्या सांध्यांत सूज पेटवणारी जी प्रथिनं आहेत त्यांना सतत नवे उतारे लागतात. ते मिळेनासे झाले की सूज बसते आणि बोटं वळतात.

पण कचेरी बंद पडली की फक्त तुझ्या भांडखोर शेजाऱ्याचंच काम अडत नाही. ज्या ज्या पेशींना रोज भरपूर उतारे लागतात त्या सगळ्यांचं अडतं. हाडांतला मगज, जिथे रक्ताच्या पेशी बनतात. आतड्याचं अस्तर, जे दर काही दिवसांनी नवं होतं. केसांची मुळं. बीजकोश. आणि पुरुषांत वीर्य तयार करणाऱ्या पेशी. म्हणजे औषधाचा गुण एकीकडे आणि 'साइड' इफेक्ट दुसरीकडे असं इथे नाहीच. दोन्ही एकाच किल्लीने उघडतात. आणि विषबाधा झाली तर हिच्यावर खास असा उतारा नाही. दोन्ही अर्थांनी.

मात्रेचं गणितही फार चिंचोळं आहे. ट्रिप्टोलाइड उंदराच्या शिरेत टोचला तर वजनाच्या दर किलोमागे 1 मिलिग्रॅमहून कमी मात्रेत निम्मे उंदीर मरतात. झाडाचं म्हणशील तर मुळाच्या सालीत, पानांत, फुलांत, कोंबांत विष जास्त, आणि साल काढलेल्या आतल्या लाकडात कमी. म्हणून जुने चिनी वैद्य साल पुरती तासून टाकत, मग आतलं लाकूड मंद आचेवर तास-दोन तास शिजवत. आपल्याकडे बिब्बा किंवा बचनाग शोधन केल्याशिवाय पोटात देत नाहीत, तोच विचार. नुसती दोन-चार पानं चघळून माणसं अत्यवस्थ झाल्याच्या नोंदी आहेत. युन्नानमध्ये तर या वेलीच्या सख्ख्या बहिणीच्या फुलांवर बसलेल्या मधमाश्यांचा मध खाऊन माणसं दगावली आहेत.

आता तुझा मुळांचा फोटो. तो मोठा करून पाहिला. चकत्या तिरप्या कापलेल्या आहेत, मध्यभाग पिवळसर पांढरा, त्यात चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा. इथवर ठीक. पण निम्म्याहून जास्त चकत्यांच्या कडेला नारिंगी-तपकिरी पापुद्रा आहे, भेगा पडलेला, आणि पिशवीच्या तळाशी त्याचाच भुगा साचलाय. तीच ती साल. तो नारिंगी रंग बराचसा सेलास्ट्रॉलचा आणि त्याच्या भाऊबंदांचा. पिशवी भरणाऱ्याने साल तासलेलीच नाही. हा काढा तू सासूबाईंना देणार होतीस. फोटो पाठवलास ते फार बरं केलंस.

शिवाय सासूबाईंचं दुखणं तुझ्यासारखं आहे असं मला तुझ्या पत्रातून दिसत नाही. उतरत्या वयात बसून उठताना, जिना चढताना गुडघे दुखतात ते बहुधा झिजेचं असतं. आमवात वेगळा. तिथे शरीराचे शिपाई स्वतःच्याच सांध्यांवर चालून जातात. शिपायांना झोपवणारं औषध झिजलेल्या गुडघ्याला देऊन काय मिळणार? त्यांना वजन आटोक्यात ठेवणं, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि गरज पडली तर हाडांचे डॉक्टर. हातात काहीतरी चोळायला हवंच असेल तर मालकांगणीचं तेल चोळा, आमची आजी तेच करायची. आणि गंमत म्हणजे मालकांगणी याच वेलीच्या कुळातली! लाल-नारिंगी आवरणातली ती बी चिमटीत धरली की बोटं पिवळी होतात. मी वर्गात मुलींच्या हातावर ठेवायची, म्हणजे कुळ लक्षात राहायचं. मालकांगणीच्या सेलास्ट्रस या शास्त्रीय नावावरूनच सेलास्ट्रॉलला नाव मिळालं. पण कुळ एक म्हणून गुण एक नसतात. एकाच आडनावाच्या घरांत सज्जनही निघतात आणि दुसरेही.

आता ह्यांच्याकडे वळते, कारण पत्रात त्यांची एकच ओळ आहे आणि तीच मला सर्वांत जास्त खटकली. बाटलीवर प्रत्येक गोळी 10 मिलिग्रॅमची आहे. रोज दोन म्हणजे 20 मिलिग्रॅम. ऐंशीच्या दशकात चिनी डॉक्टरांच्या लक्षात आलं की या गोळ्या घेणाऱ्या पुरुषांच्या वीर्यातल्या शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल कमालीची घटते. 1987 मध्ये त्यावरचा शोधनिबंध गर्भनिरोधनाच्या एका नियतकालिकात आला आणि पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी म्हणून या वेलीवर कितीतरी वर्षं काम चाललं. त्यासाठी लागणारी मात्रा आमवाताच्या मात्रेच्या एक-तृतीयांशच होती. म्हणजे दिवसाला साधारण 20 मिलिग्रॅम.

थोडक्यात, बाळाचा विचार करत असताना तुझे यजमान कंबरेच्या नावाखाली रोज गर्भनिरोधक घेत आहेत.

हसू आलं असेल तर हस, पण गोळ्या काढून घे. तीन आठवडे हा काळ फार नाही. थोडे दिवस घेऊन थांबवलेल्या बहुतेकांत शुक्रजंतू काही महिन्यांत पूर्ववत होतात, भीती असते ती दीर्घकाळ घेणाऱ्यांची. वीर्य तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून आजची तपासणी आजचा परिणाम दाखवणार नाही. शंका असेल तर तीन महिन्यांनी एकदा तपासून घ्यावं. आणि कंबर धरते ती बहुधा दिवसभर बसून. त्याला शांघायची गरज नाही.

पाळीचं सांगते. ही वेल बायकांची पाळी बंद पाडते हे खरं आहे, पण ते सहसा काही महिने घेतल्यावर दिसतं, आणि वय चाळिशीपलीकडे गेलेलं असेल तर गेलेली पाळी परत येण्याची आशा कमी होते. तुझे तीनच आठवडे झालेत. म्हणून 'गोळ्यांमुळे असेल' हे उत्तर मला तुझ्याइतकं सोयीचं वाटत नाही. आधी गरोदरपण आहे की नाही ते बघायचं. चाचणी नकारार्थी आली आणि पाळी तरीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करायची किंवा डॉक्टरांना रक्ताची चाचणी करायला सांगायची.

होकारार्थी आली तर? घाबरून घरात बसू नकोस आणि कुणाच्या सांगण्यावरून कसलाही निर्णय घेऊ नकोस. पण उशीर अजिबात नको. मेथोट्रेक्झेट तू जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी सोडलंस. गर्भासाठी ते घातक आहे, म्हणून बाळ हवं असेल तर ते आधी एक ते तीन महिने थांबवून मगच प्रयत्न करायला सांगतात. त्यावर ही वेल, तीही गरोदरपणात निषिद्ध. स्त्रीरोगतज्ज्ञांना दोन्हींची नावं, दोन्हींच्या तारखा हव्यात. शेवटचा डोस कोणत्या रविवारी घेतलास ते कॅलेंडर समोर ठेवून लिहून काढ. ते सोनोग्राफी करतील, आणि पुढचं तुम्ही दोघं आणि ते मिळून ठरवाल.

तपासण्या कोणत्या, ते तुझे डॉक्टर सांगतीलच, पण तू मनाची तयारी ठेवावीस म्हणून लिहिते: रक्ताच्या सगळ्या पेशींची मोजणी, यकृताची तपासणी, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन. ह्यांचीही करून घे, एकाच फेरीत होईल. यकृताला, मूत्रपिंडांना आणि हाडांच्या मगजाला या वेलीने इजा झाल्याच्या नोंदी बऱ्याच देशांतून आल्या आहेत. ब्रिटनच्या औषध नियामकांनी 2011 मध्ये ती घेऊ नका असा जाहीर इशारा दिला होता. तोंडात फोड, ताप, अंगावर विनाकारण निळे-लाल डाग, डोळे पिवळे, लघवी कमी, छातीत धडधड, न थांबणारे उलट्या-जुलाब, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांच्या वेळेची वाट न बघता सरळ इस्पितळाच्या तातडीच्या विभागात, बाटली हातात घेऊन. तैवानमध्ये एक धडधाकट तरुण या वेलीचा काढा पिऊन आधी उलट्या-जुलाबाने आजारी पडला, मग मूत्रपिंडं आणि रक्तदाब गेला, आणि तिसऱ्या दिवशी हृदय थांबलं. सुरुवात पोट बिघडल्यासारखीच होती.

'चीनमध्ये हेच देतात' हे दीरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. देतात, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, रक्त तपासत. बाटलीसोबत घडी घातलेला एक पातळ कागद आला असेल बघ, मुंगीच्या अक्षरांतला. फेकला नसशील तर मोबाइलचा कॅमेरा त्यावर धर, हल्ली भाषांतर तिथल्या तिथे होतं. त्यात लिहिलेलं असतं की मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, आणि ज्यांना मूल हवं आहे अशा वयातल्या स्त्री-पुरुषांनी हे घेऊ नये. यकृत, मूत्रपिंड, हृदय कमजोर असलेल्यांनी, रक्त कमी असलेल्यांनी घेऊ नये. एका दमात तीन महिन्यांहून जास्त शक्यतो घेऊ नये. 2012 मध्ये तिथल्या औषध खात्याने याबद्दल डॉक्टरांना नव्याने बजावलंही होतं. म्हणजे जे मी तुला दोन पानं भरून सांगतेय, ते तुझ्या कपाटात तीन आठवडे पडून होतं.

एक प्रश्न तू विचारला नाहीस, पण पत्रात तो आहे. हे विष आणि मेथोट्रेक्झेटही विष, मग मावशी एकाची बाजू का घेते? बाजू घेत नाही. मेथोट्रेक्झेट विषच आहे, रोज घेतलं तर माणूस मारतं, म्हणून तर आठवड्यातून एकदा. पण त्याच्या गोळीत अडीच मिलिग्रॅम म्हणजे अडीचच असतात. तुझ्या बाटलीतल्या गोळीत 10 मिलिग्रॅम अर्क आहे, त्यात ट्रिप्टोलाइड किती ते वेल कुठली, कधी उपटली, कारखाना कोणता यावर ठरतं, आणि ते बरंच कमी-जास्त भरतं. त्या मुळांच्या पिशवीबद्दल तर बोलायलाच नको. शिवाय मेथोट्रेक्झेट आमवाताला देऊन कित्येक दशकं झाली आहेत. कुठे बिघडतं, कोणती चाचणी किती दिवसांनी करायची, फॉलिक ॲसिड का जोडायचं, हे सगळं जमाखर्चात मांडलेलं आहे. (ज्या चमूच्या कामातून ते निघालं त्याचे प्रमुख आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, आंध्रातले. अमेरिकेत राहून त्यांनी ही फॉलिक ॲसिडची विरोधी औषधं घडवून घेतली. हे कुणी फारसं सांगत नाही म्हणून सांगते.)

आणि तुझ्या सोमवारच्या मळमळीवर इलाज होता गं. गोळ्यांऐवजी पोटावरच्या कातडीखाली इंजेक्शन घेता येतं, पुष्कळ जणींचा त्रास त्याने उतरतो. डॉक्टरांना विचारून आठवड्याचा डोस त्याच एका दिवसात विभागून घेता येतो, फॉलिक ॲसिड वाढवता येतं. आता तर बाळाचा विषय आहे, म्हणजे मेथोट्रेक्झेट तसंही तुझ्यासाठी नाही. गरोदरपणात चालतील अशी औषधं आहेत, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आहे, सल्फासलाझिन आहे, त्यापुढेही आहेत. यातलं तुला काय योग्य हे मी नाही, तुझे डॉक्टर ठरवतील. पण ते ठरवण्यासाठी तुम्हाला बाळ हवंय हे त्यांना माहीत हवं. सांगितलं होतंस का? पत्रावरून तरी वाटत नाही.

रागावतील, असं लिहिलंस. रागावतील थोडे. तोंडाने सांगायला जड जात असेल तर कागदावर लिहून टेबलावर ठेव: 'अमुक तारखेपासून मेथोट्रेक्झेट बंद केलं आहे. त्या दिवसापासून ट्रिप्टेरिजियमच्या गोळ्या, रोज 60 मिलिग्रॅम, घेतल्या. अमुक तारखेला थांबवल्या. पाळी इतके दिवस पुढे गेली आहे. आम्हाला मूल हवं आहे.' एवढंच. सोबत बाटली, तो चिनी कागद आणि मुळांची पिशवी. दोन्ही बाटल्या शंभर-शंभर गोळ्यांच्या असतील तर माझ्या हिशोबाने दुसरीत 32 उरल्या असाव्यात. मोजून बघ. कमी भरल्या तर आणखी कुणी घेतंय का ते विचार, कारण अशा बाटल्या घरात फिरतात.

डॉक्टरांचं काम झालं की उरलेलं परसात टाकू नकोस, कुंडीत नको, शेणकईत नको. घट्ट बांधून, वर 'विष' लिहून, औषधांच्या कचऱ्यासाठी तुझ्या दवाखान्यातच देऊन ये.

राहिले दीर. त्यांनी प्रेमानेच आणलं, एवढं खर्चून, त्यांना बोल लावू नकोस. फक्त कागदाचं भाषांतर झालं की तो फोटो त्यांना पाठव. तिकडून आणखी कुणाकुणाला त्यांनी बाटल्या दिल्या आहेत, ते त्यांनाच ठाऊक.